एक सही कमी

“फोन आला?” डॉ. ओलुफसेननी जिन्यावरूनच विचारलं.

“नाही.”

“तुम्ही लावून पाहिलात?”

“दोनदा. मंत्रिसाहेब साखर कारखान्याच्या दौऱ्यावर आहेत म्हणे. काल बंदरावर होते, त्याआधी सासुरवाडीला.”

ते हसले नाहीत. न पेटवलेला पाईप दातांत धरून त्यांनी हॉटेलच्या व्हरांड्यात पुन्हा येरझाऱ्या सुरू केल्या. साडेसहा फुटांचा डॅनिश माणूस. त्या बुटक्या छपराखाली दर फेरीला त्यांना मान वाकवावी लागे आणि दर फेरीला त्यांचा वैताग वाढे. समोर रस्त्यावरून उसाच्या लॉऱ्या जात होत्या, त्यांची तांबडी धूळ आमच्या चहाच्या कपांत बसत होती.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी तेव्हा तिशीला टेकले होते. सांगलीच्या कोर्टात वकिली करणाऱ्या धारपांची थोरली मुलगी चारुशीला पुण्यात कायदा शिकली आणि धडपडत जिनिव्हाला पोचली, याचंच घरी केवढं कौतुक होतं. तिथल्या एका आंतरराष्ट्रीय ब्युरोत मी कायदा विभागात होते, आणि डॉ. ओलुफसेन माझे वरिष्ठ. जगभरच्या पेटंटांना एका सूत्रात बांधणारा एक करार त्यांनी बारा-तेरा वर्षं खपून उभा केला होता. निम्मी कलमं त्यांच्या हातची.

कराराची गोष्ट साधी होती. तोवर कोल्हापूरच्या एखाद्या माणसानं नवा पंप शोधला आणि त्याला तो दहा देशांत आपल्या नावावर हवा असला, तर दहा अर्ज, दहा वकील आणि सात-आठ भाषा कराव्या लागत. तेवढ्यात तो माणूस बुडायचा. आमच्या करारानं एकच अर्ज आपल्याच देशात करायचा, हव्या त्या देशांच्या नावापुढं खुणा करायच्या. शोध खरोखर नवा आहे का, याची पहिली तपासणीही एकदाच व्हायची. त्याची नियमावली लिहिताना मी डोळे फोडले होते आणि माझा तिच्यावर मनापासून विश्वास होता.

करार मंजूर होऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण ठरलेल्या संख्येइतक्या देशांनी तो रीतसर स्वीकारल्याशिवाय तो अमलात येणार नव्हता, आणि त्या संख्येला एक देश कमी पडत होता. ज्या बड्या देशांच्या पैशांवर आणि माणसांवर आमचा विभाग चालत होता, त्यांनी निर्वाणीचं कळवलं होतं : वर्ष संपायच्या आत नाही जमलं, तर आम्ही हात काढून घेऊ. म्हणून नोव्हेंबरच्या उकाड्यात आम्ही दोघं हिंदी महासागरातल्या एका छोट्या बेटावर येऊन बसलो होतो. बेटाचं नाव मी सांगत नाही. या गोष्टीतली काही माणसं अजून हयात आहेत.

मंत्री काही भेटत नव्हते, पण सरकारचे कायदा सल्लागार शुक्रवारी भेटले. लक्ष्मण बापुजी. ‘बापुजी’ हे आडनाव. बोटीतून ऊस तोडायला आलेल्या आजोबांचं नाव गोऱ्या कारकुनानं आडनाव म्हणून लिहिलं, ते तसंच राहिलं. पन्नाशीचा, सावळा, काटक माणूस. लंडनला बॅरिस्टर झालेला. मंत्रिमंडळ त्यांच्या अभिप्रायाबाहेर जात नाही, हे आम्ही ऐकून होतो.

त्यांनी काटेकोर इंग्रजीत प्रश्न विचारले. डॉ. ओलुफसेननी तितक्याच काटेकोरपणे उत्तरं दिली. शेवटी डॉक्टर म्हणाले, “श्री. बापुजी, हा करार तुमच्या देशाच्या कायद्यातल्या एका अक्षरालाही हात लावत नाही.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रत्येक राजधानीत ऐकलं होतं, आणि ते खरंही होतं.

बापुजींनी नुसतीच मान हलवली. आम्ही उठलो. डॉक्टर दाराबाहेर पडले आणि मी फायली गोळा करत होते, तेवढ्यात मागून आवाज आला :

“बाय, तुझा गाव कंचा?”

माझ्या हातातली फाईल निसटली. समोर तोच बॅरिस्टर होता, पण चेहरा पार बदललेला.

“सांगली,” मी म्हटलं. “तुम्हांला मराठी येतं?”

“घरात दुसरं काय बोलनार? आजा रत्नागिरीकडचा. गावाचं नाव कोनालाच ठाव न्हाय.” ते मिश्कील हसले. “रविवारी जेवायला ये. तुझ्या साहेबाला नको आनूस.”

डॉक्टरांना हे सांगितलं, तेव्हा त्या दौऱ्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला.

“जा, जरूर जा. मंगळवारी मंत्रिमंडळ बसतंय. ते काय लिहिणार याचा अंदाज घ्या. आणि मिस धारप, आपला नियम लक्षात आहे ना? आपण माहिती देतो. कोणत्याही देशाला त्याच्या कायद्याबद्दल सल्ला देत नाही.”

“लक्षात आहे.”

रविवारी दुपारी बापुजींनी गाडी पाठवली. घर उसाच्या मळ्याच्या कडेला होतं, पत्र्याच्या छपराचं, पुढं जास्वंदीची रांग. त्यांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, दारातच माझा हात धरला आणि सोडलाच नाही. त्या सरकारी दवाखान्यात क्षयाच्या वॉर्डच्या मेट्रन होत्या. जेवायला डाळपुरी, माशाचं कालवण आणि भात. “आमची भाषा तुला हसन्यासारखी वाटत आसंल,” त्या म्हणाल्या. मला हसू येत नव्हतं. माझी आजी असती, तर थोडी अशीच बोलली असती, असं वाटत होतं.

जेवण निम्म्यावर आलं, तशी बापुजींनी थाळी जरा बाजूला सारली.

“एक इचारू? तुझ्या देशानं केली का सही?”

मला हा प्रश्न कुठल्या तरी राजधानीत येणार हे माहीत होतं. उत्तरही तयार होतं. पण ते इंग्रजीत होतं.

“भारताचा विचार चालू आहे,” मी मराठीत जुळवलं. “प्रत्येक देशाची परिस्थिती वेगळी...”

“हे तुझ्या साहेबाचं बोलनं झालं. मी परवा त्याच्याशी इंग्लिशमधी बोललो, पोटभर बोललो. आज तुला घरी कशाला बोलावली? आपल्या बोलीत कायद्याचं शब्दच न्हाईत. तिच्यात मला सांग, काय हाय ते. सही नाही केली ना?”

“नाही केली.”

“का?”

मी मंजुळाबाईंकडं पाहिलं. त्यांनी माझ्या पानात भात वाढला आणि माझ्याकडंच बघत राहिल्या.

मी सांगायला सुरुवात केली. अर्जदार, नामनिर्देशन, पूर्वाधिकार, असले शब्द जिभेवर येत आणि बापुजींच्या चेहऱ्याकडं पाहून मी ते गिळत होते. शेवटी म्हटलं, “असं बघा. आज परदेशी कंपनीला तुमच्या बेटावर पेटंट घ्यायचं तर इथं वकील लावावा लागतो, खर्च पडतो. बेट लहान, धंदा लहान. म्हणून कुणी येत नाही. करारात आल्यावर एका अर्जावर तुमच्या नावापुढं खूण केली, की अर्ज तुमच्या दारात. मग सगळेच खूण करतील.”

“त्यात वाईट काय?”

“एरवी काहीच नाही. उलट तुमच्या ऑफिसात एक अधिकारी आणि एक टायपिस्ट. शोध नवा का जुना, हे त्यांना कसं कळणार? ते काम मोठ्या देशांची ऑफिसं तुम्हांला करून देतील. ते चांगलंच आहे.”

“मग वाईट काय, ते सांग.”

मला जे म्हणायचं होतं, ते ब्युरोत कधीच कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. करार तुमच्या कायद्याला हात लावत नाही, हे वाक्य खरं होतं. पण त्या बेटाचा कायदा मी येताना विमानात वाचला होता. गोऱ्यांच्या काळातला, पिवळा पडलेला. त्यात सगळ्यालाच पेटंट मिळत होतं. यंत्राला, रंगाला, खताला, औषधालाही.

“मंजुळाताई, तुमच्या वॉर्डातल्या गोळ्या कुठून येतात?”

“म्हंजे?” त्या चमकल्या. “मुंबैहून येतात की. बोटीनं. आधी इंग्लंडहून यायच्या तवा निम्म्या मानसांनाच पुरायच्या.”

“भारतानं आपला कायदा बदलला. औषधावर पेटंट नाही, फक्त ते करायच्या रीतीवर. म्हणून मुंबईचे कारखाने दुसऱ्या रीतीनं तीच गोळी करतात आणि स्वस्तात विकतात. तुमचा कायदा जुनाच आहे. आज इथं कुणी पेटंट घेत नाही, म्हणून मुंबईची गोळी येते. उद्या सगळे घ्यायला लागले...”

“तर बंदरावर अडंल,” बापुजी म्हणाले.

“आज येतायत त्या नाही अडायच्या. पुढं नव्या निघतील त्या अडतील.”

मंजुळाबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. “आमी नव्यांचीच वाट बगतो, बाय. जुन्या कित्येकांना लागूच पडंनात. माझ्या वॉर्डात दोन बहिनी हायेत, एकीला लागू पडल्या, दुसरीला न्हाय.”

कुणीच जेवत नव्हतं. मी हात धुवायचं निमित्त करून मागच्या दारी गेले. तिथं नळाखाली हात धरून उभी राहिले, तरी पाणी बंद करायचं सुचेना. डोळ्यांपुढं डॉक्टर येत होते. त्या बुटक्या छपराखाली वाकून चालणारे. मी आता परत जाऊन ‘ही सगळी शंका आहे, खात्री नाही’ असं म्हटलं असतं तरी खोटं झालं नसतं. वकिलाला असं अर्धवट खरं सहज बोलता येतं. आणि पुढचं वाक्य बोलले, तर नियम मोडणार होता. नियमापेक्षाही मोठं काहीतरी मोडण्याची भीती होती. बारा-तेरा वर्षांची मेहनत, आमचा विभाग, माझी नियमावली.

मी आत आले आणि बसायच्या आधीच म्हटलं, “करार वाईट नाही. पण सही करायच्या आधी तुमचा कायदा बदला. औषधाला पेटंट नाही, एवढं त्यात घाला. दोन ओळींचं काम आहे. करार तुम्हांला अडवत नाही. कुणीही अडवू शकत नाही. पण आधी ते, मग सही.”

बापुजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

“आमची संसद आता जानेवारीपतुर बसत न्हाय.”

“माहीत आहे.”

“म्हंजे तुझ्या साहेबाची मुदत गेली.”

“हो.”

“त्याला ठाव हाय, तू हे मला सांगतेस ते?”

“नाही.”

त्यांनी गाडी काढायला सांगितली. मंजुळाबाईंनी निघताना जास्वंदीचं फूल दिलं, ते गाडीतच सुकून गेलं.

हॉटेलवर डॉक्टर वाटच पाहत होते. “काय लिहितील?”

“काही बोलले नाहीत,” मी म्हटलं. तेवढंच म्हटलं. तो दिवस, नंतरचा सोमवार, मी खोलीत बसू शकत नव्हते आणि बाहेरही. खाली यावं तर डॉक्टर, वर जावं तर पंख्याचा आवाज. समुद्रावर गेले तर पाय आपोआप परत फिरले. दोन्हीपैकी काय व्हावं असं मला वाटत होतं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

मंगळवारी मंत्री एकदाचे भेटले, उभ्याउभ्याच. मंत्रिमंडळानं विषय पुढं ढकलला होता. “आमच्या कायद्यात आधी थोडी दुरुस्ती करावी, असा सल्लागारांचा अभिप्राय आहे,” मंत्री म्हणाले. “सही त्यानंतर बघू.”

डॉक्टरांनी हस्तांदोलन केलं, आभार मानले. विमानतळावर लाकडी बाकावर आम्ही शेजारी बसलो, तेव्हा त्यांनी पाईप खिशात ठेवला.

“दुरुस्ती. ही कल्पना त्यांना रविवारच्या जेवणात सुचली?”

“मी सांगितली.”

“कोणती दुरुस्ती?”

मी सांगितली. सगळं सांगितलं. ते ओरडतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांचा आवाज उलट खाली गेला.

“मिस धारप, तुम्ही कोणाच्या वकील आहात?”

पुढं नैरोबीपर्यंत आणि तिथून जिनिव्हापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

परतल्यावर माझी बदली भाषांतर तपासणाऱ्या विभागात झाली. तळमजल्यावर, जिथं खिडकीतून फक्त सायकली ठेवायची जागा दिसते. डॉक्टर बड्या देशांच्या प्रतिनिधींच्या दारोदार फिरत होते, हे वरच्या लोकांकडून कळायचं. त्यांनी स्वतःची नोकरी पणाला लावून वसंत ऋतूपर्यंत मुदत मिळवली. एका देशानं आपली माणसं तरीही काढून घेतलीच. त्यांतल्या एकीनं, जिच्याबरोबर मी रोज जेवायची, टेबल आवरताना माझ्याकडं मान वर करून पाहिलं नाही. मी सकाळी लवकर उठून तळ्याकाठी चालायला लागले. चालण्यानं झोप येईल असं वाटायचं. येत नव्हती. शेवटी सांगलीला वडिलांना फोन केला : परत येते, तुमच्याच ऑफिसात बसेन. वडील म्हणाले, “ये. पण पळून येऊ नकोस. तिथलं काय ते संपवून ये.” काय संपवायचं तेच मला कळत नव्हतं.

फेब्रुवारीत, बर्फ पडत असताना, खालच्या दारवानानं मला बोलावलं. “एक गृहस्थ तुमचं नाव सांगतायत.”

दारात बापुजी उभे होते. पातळ सुती सूट, डोक्यावर बर्फ, हातात कातडी बॅग. हुडहुडी भरलेली.

“बाय गो, ही थंडी म्हंजे काय हाय?”

त्यांच्या संसदेनं जानेवारीतच दुरुस्ती मंजूर केली होती. दोन ओळी. आणि सरकारनं कराराचा स्वीकार कळवायला त्यांनाच पाठवलं होतं, म्हणजे कमी पडणारा एक देश मिळाला होता. पोस्टानं पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण ते स्वतः आले.

वरच्या दालनात तो छोटासा समारंभ झाला. मला कुणी बोलावलं नव्हतं. बापुजींनीच “माझ्या दुभाषी आहेत,” असं सांगून मला आत नेलं, आणि मग अस्खलित इंग्रजीत बोलले. डॉक्टरांनी कागद हातात घेतला.

“दुरुस्ती कोणी लिहिली?” त्यांनी विचारलं.

“मी,” बापुजी म्हणाले.

डॉक्टरांनी दुरुस्तीची प्रत वाचली, पुन्हा वाचली. मग सगळ्यांसमोर म्हणाले, “इतकी वर्षं मी प्रत्येक देशाला सांगत आलो, की हा करार तुमच्या कायद्याला हात लावत नाही. त्यावर ‘मग आमचा कायदा आम्ही आधी वाचून बघतो’ असं म्हणणारे तुम्ही पहिले.” टाळ्या पडल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

समारंभानंतर मी बापुजींना जाड कोट घेऊन द्यायला दुकानात नेलं. आरशासमोर बाह्या ओढत त्यांनी मला विचारलं, “तू हल्ली खाली बसतेस म्हंतात.”

“हो.”

“माझ्यामुळं?”

“माझ्यामुळं. मी तुमच्याशी तसं बोलले नसते, तर तुमचा अभिप्राय वेळेत गेला असता. मुदत पाळली गेली असती.”

त्यांनी ओढत असलेली बाही सोडली.

“अभिप्राय तर लिहून तयार होता गो. शनवारीच लिवला हुता.”

“मग?”

“‘नको’ म्हनून लिवला हुता. सही करू नये, पुन्हा हा विषय आनू नये. मंजुळेच्या गोळ्यांचं मला काय तू सांगायची वाट बघायची हुती? मला गुंता दिसत हुता, सोडवायचा कसा ते दिसत नव्हतं. तुझा साहेब म्हनतो हात लावत नाय, तवा मी समजलो, हा मानूस लपवतोय.” ते वळले. “रविवारी तुला बोलावली ती बघायला, की आपल्या बोलीत तू तेच बोलतेस का. तेच बोलली असतीस, तर मंगळवारी मंत्र्यांच्या पुढं तो कागद गेला असता. तू गेल्यावर तो मी फाडला.”

दुकानदारानं कोट कसा वाटतो म्हणून विचारलं. मी त्याला काहीतरी उत्तर दिलं असावं.

बापुजींना गाडीत बसवून मी परत आले. तळमजल्याला न थांबता सरळ वर गेले. डॉक्टरांना हे सांगायचं होतं. जिना चढताना वाक्यंही जुळवली होती. ते खुर्चीत टेलिफोनवर होते. बड्या देशांपैकी कुणीतरी अभिनंदन करत होतं, आणि ते “हो, अर्थात, अर्थात” म्हणत होते. थकलेले दिसत होते. मला दारात पाहून त्यांनी हातानं फोन झाकला.

“श्री. बापुजी काय म्हणाले?”

मी तोंड उघडलं. त्या माणसानं आपलं अर्धं आयुष्य ज्या कामात घातलं, ते त्या रविवारच्या एका वाक्यावर कसं लोंबकळत होतं, हे त्या दिवशी त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं.

“थंडी फार आहे म्हणाले.”

त्यांनी मान डोलावली. मग फोन तसाच कानाशी धरून, दुसऱ्या हातानं टेबलावरचा एक जाड गठ्ठा माझ्याकडं सरकवला. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाचा कायदा होता, फ्रेंचमध्ये.

“पुढच्या महिन्यात तिथं जायचंय,” ते हळूच म्हणाले. “आधी हा वाचा. कुठं अडेल ते मला सांगा. मग तिकिटं काढू.”

मी तो तिथंच, उभ्याउभ्या वाचायला घेतला.